घरात भांडायला कोण?

त्या बाईंना लहान मुलांमधलं खरोखर कळत होतं, की त्यांचं आपलं जमून जात होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन वर्षं रोज सकाळचे तीन तास मी त्यांच्या ओसरीवर बसून काढलेत. इतक्या सहवासात माणूस उलगडतं म्हणतात. माझं उलट झालं. पहिल्या दिवशी मला त्या वेडसर वाटल्या, म्हणजे निदान काहीतरी एक ठाम वाटल्या. शेवटी शेवटी तर कोणी विचारलं, "कशा आहेत हो त्या बाई?" तर मी "उंच आहेत" एवढंच सांगायची.

निर्मळ गावात तळ्याच्या अलीकडे त्यांची केळीची वाडी होती. वाडीत घर, घराला लागून पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये बालवाडी. बाहेर पाटी नव्हती. कोणी विचारलं की बालवाडीचं नाव काय, तर बाई म्हणायच्या, "बालवाडी." आम्ही राहतो नालासोपारा पश्चिमेला, चौथ्या मजल्यावर. आमच्या बिल्डिंगमधली सगळी मुलं व्हॅनमध्ये बसून इंग्रजी नर्सरीत जायची. आमची नात मनूही गेली आठ दिवस, आणि आठही दिवस रडून ताप काढला. मग माझ्या मुलाला कोणीतरी या बाईंचं सांगितलं. रिक्षाने नेऊन सोडायचं, परत यायचं, पुन्हा आणायला जायचं, यापेक्षा तिथेच बसलेलं बरं म्हणून मी बसायला लागले. बसल्या बसल्या कोणाची नाकं पूस, कोणाच्या वेण्या घाल, असं करत मी त्यांची बिनपगारी माणूस होऊन गेले.

पहिल्या दिवशी बाई पाटावर बसल्या होत्या. त्या कायम पाटावरच बसायच्या. हाडापेराने ताडमाड बाई, गुडघे कानाला लागायचे, पण खुर्ची नाही. म्हणायच्या, "आपण वर बसलो की मुलाला आपलं नाक दिसतं, आपण दिसत नाही." माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. मनूला विचारलं, "घरात भांडायला कोण?"

मनूने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "अहो, एकटीच आहे ती. आमच्याकडे भांडणबिंडण काही नाही, शांत घर आहे."

"म्हणजे उपाशी आहे पोरगी."

"छे हो, दोन पोळ्या खाते."

"मी पोटाचं नाही बोलत, मनूच्या आजी."

आणि त्यांनी वहीत मनूच्या नावापुढे लिहिलं, 'भांडायला कोणी नाही.' डॉक्टर लिहितात ना, याला अमुक औषध चालत नाही, तसं.

त्यांचं म्हणणं असं की माया आईकडून कळते, पण दुसऱ्या माणसाचं करायचं काय हे भावंडाकडूनच कळतं. "आई मुद्दाम हरते. भावंड हरत नाही. घरातली सगळी माणसं मुद्दाम हरणारी असली की मूल बाहेर पहिल्यांदा खरं हरतं तेव्हा त्याला वाटतं, जग बुडालं." हे मला पटलं. पटलं आणि दुसऱ्याच आठवड्यात एका आईला त्या म्हणाल्या, "एकच पुरे तुम्हाला. दुसऱ्याचा विचार करू नका, पहिलंच हातात मावत नाही तुमच्या." मी म्हटलं, "बाई, परवा तर तुम्ही वेगळं म्हणालात." तर म्हणाल्या, "परवा वेगळी आई होती."

केळीचंही तसंच. मला वाडीत नेऊन दाखवायच्या. केळीच्या बुंध्याशी पिल्लं फुटतात, ती बघा, म्हणायच्या, आईच्या सावलीत कशी एकमेकांना ढकलत उभी राहतात, तीच जोमाची होतात. मी मान डोलवायची. पुढच्या सोमवारी बघते तर बाई कोयता घेऊन तीच पिल्लं छाटताहेत. एक ठेवलं, बाकी साफ. "सगळी ठेवली तर घड धरत नाही," म्हणाल्या. आता यातून मी मुलांबद्दल काय समजायचं होतं? मी विचारलंही. त्या म्हणाल्या, "मुलांबद्दल कोण बोलतंय? केळी आहेत ह्या."

त्यांच्या बालवाडीत सॉरी म्हणायला बंदी होती. सॉरी म्हणायला लावलं की मूल खोटं बोलायला शिकतं, असं त्यांचं ठाम मत. त्याऐवजी नियम असा, की ज्याने मारलं त्याने माठातून पेला भरून आणायचा, मार खाल्लेल्याला द्यायचा, आणि पेला रिकामा होईपर्यंत समोर उभं राहायचं. बोलायचं काही नाही. पाणी पिता पिता रडं थांबतं, आणि उभं राहून राहून राग उतरतो. नियम चांगला होता. पण जवळच्या कळंब गावाहून दोन भाऊ यायचे, कोळ्यांची मुलं, एक पाच वर्षांचा आणि एक चारचा. त्यातल्या धाकट्याने नियमाचं मर्म ओळखलं. तो थोरल्याला मुद्दाम डिवचायचा, एक चापट पदरात पाडून घ्यायचा, आणि मग डोळे मिटून घोट घोट पाणी प्यायचा. थोरला समोर हात बांधून उभा. अर्धा तास.

त्यांची आई एकदा सांगायला आली. "बाय, घरी पन तेच चाललंय. भाऊ उभा ऱ्हातो नि हा पानी पितो. राजाच झालाय."

बाई म्हणाल्या, "पिऊ दे. त्याला थोरल्याला समोर उभं करायला दुसरी युक्ती सापडली नाही अजून."

"नि थोरल्याचा काय?"

बाई माठावर झाकण ठेवायला उठल्या. "थोरल्याचं बघते," म्हणाल्या. बघितलं की नाही देव जाणे. मनूला मात्र त्या दोघांच्या मधे बसवली, आणि महिनाभरात आमची शांत घरातली मुलगी डबा पळवणाऱ्याच्या हाताला चावायला शिकली. माझ्या मुलाने कपाळाला हात लावला. बाईंनी मला पेढा दिला.

आता इतकं सगळं भावंडांचं शास्त्र सांगणाऱ्या या बाई स्वतःच्या सख्ख्या बहिणीशी बोलत नसत. बहीण चार वर्षांनी थोरली, आणि राहायला कुठे, तर कुंपणापलीकडे. मधे जास्वंदीची झुडपं. पण न बोलणं तरी कसलं म्हणावं ते? बाई सकाळी शेडमध्ये मुलांना मोठ्याने म्हणायच्या, "आज कोणाच्या तरी घरी पाहुणे आलेले दिसतात." की पलीकडून थोरल्या बहिणीचा आवाज, कोंबड्यांना, "आलेत हो, जावई आलेत. दोन दिवस राहतील." मग बाई मला, "मनूच्या आजी, जावई आले की लोक अळूवडी करतात." पलीकडून कोंबड्यांना, "अळू कुठे आहे घरात?" थोड्या वेळाने बाई एका पोराच्या हातात अळूची पानं देऊन पाठवायच्या आणि तिकडून संध्याकाळी वड्या यायच्या. मी म्हणायची, याला बोलणं म्हणतात की अबोला?

कारण मी दोघींना विचारून पाहिलं. थोरली म्हणाली, "ती लहान होती ना, तिला विचारा, लहानांना सगळं लक्षात राहतं." बाईंनी मला मुलांची नाकं पुसायला पाठवलं. मग एकदा मुलींच्या वेण्या घालताना आपणच म्हणाल्या, "आमची आई गेली तेव्हा मी चार वर्षांची. ही आठची. रोज माझी वेणी घालायची. एक दिवस घातली नाही." पुढे काहीतरी येईल म्हणून मी थांबले. काही आलं नाही. तेवढंच होतं ते, की त्याच्या मागे खूप काही होतं, हे मला आजही माहीत नाही. मागच्या वर्षी बाई गेल्या त्या सकाळी मी निर्मळला पोचले, तेव्हा थोरली बहीण आपल्या अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत म्हणत होती, "आज उशीर झाला कोणाला तरी उठायला." कोणीतरी हाताला धरून तिला कुंपणाच्या अलीकडे आणलं.

पण बाई म्हटल्या की मला आठवतात ते आमच्या घरातले ते आठ दिवस.

मनू साडेचारची असताना तिला भाऊ झाला. घरात आनंद, मी तर आनंदात इतकी की उठता बसता मनूला म्हणायची, "तू आता मोठी झालीस हं." बाईंनी ऐकलं. म्हणाल्या, "साडेचार वर्षांची मोठी? मग तुम्ही कोण, तुंगारेश्वरचा डोंगर?" त्या दिवसापासून मी ते म्हणणं सोडलं, निदान त्यांच्यासमोर.

सव्वा महिन्याने बारसं केलं. बिल्डिंगच्या हॉलमध्ये, पाळणा सजवून, थाटात. नाव ठेवलं शर्विल. आणि बारशाच्या दुसऱ्या दिवसापासून मनूचं काहीतरी बिनसलं. कोणी आलं की लाडाने विचारतंच ना, "सांग बघू, बाळाचं नाव काय?" मनू तोंडावर हात दाबून टेबलाखाली जायची. आम्हाला वाटलं लाजते. पण मग ती आपलं बोलणंच कमी करत गेली. पाणी हवं तर बोट दाखवणार. पाळण्याच्या जवळ जाईना. बाळ रडलं की भिंतीला चिकटून उभी. पाच महिन्यांत अशी वेळ आली की दिवसभरात तिच्या तोंडून हो आणि नाही, एवढंच. बालवाडीतसुद्धा त्या कळंबच्या धाकट्याच्या कानात काय पुटपुटेल तेवढंच.

ज्याला त्याला कारण सापडलेलं. शेजारीण म्हणाली, नाव अवघड ठेवलंत, जीभ वळत नसेल. माझी मुलगी म्हणाली, भावाचा हेवा. डॉक्टरांनी कान तपासले, घसा तपासला, सगळं ठीक, म्हणाले वेळ द्या. मला वाटलं दृष्ट लागली, मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या. सुनेची रजा संपत आली होती. शेवटी मुलाने ठरवलं, की मनूला जूनपासून कराडला आजोळी ठेवू, तिथेच शाळेत घालू, वर्षभर तिथे राहील, बाळापासून लांब राहिली की सुधारेल. मामा रविवारी न्यायला येणार, असा निरोपही झाला. सून नुसती मनूचे फ्रॉक घडी करायची, बॅगेत ठेवायची, परत काढायची, परत घडी करायची.

मी बाईंना सांगितलं. डोळ्याला पदर लावून सांगितलं. बाई म्हणाल्या, "पाठवू नका. या वयात भावापासून तोडलेली मुलगी मग चाळिशीतसुद्धा त्याच्या घरी पाहुणी म्हणून जाते."

"मग करू काय?"

"घरात दिवसातून किती वेळा त्याचं नाव घेता? मोजून या."

मी मोजलं. सकाळच्या चहापासून बाळाच्या अंघोळीपर्यंतच माझी हातापायांची बोटं संपली. तेवढ्या वेळात मनूचं नाव दोनदा निघालं, आणि दोन्ही वेळा "मनू, नको." बाईंना वाटलंच होतं. पोरीचे कान त्या नावाने किटलेत, म्हणाल्या, ते नाव ऐकलं की आपण पुसले गेलो असं तिला वाटतं. "आठ दिवस घरात कोणी त्याचं नाव घ्यायचं नाही. बाळ नाही, सोन्या नाही, राजा नाही. काही नाही."

मुलगा म्हणाला, "आई, त्या बाई आता आपल्याला वेड लावणार." सून म्हणाली, "माझ्या पोराला मी काय 'ए' म्हणू?" पण त्याचं नाव घेणं पहिलं सोडलं ते तिनेच. मनूला पाठवायचं नव्हतं ना तिला.

काय सांगू त्या आठ दिवसांचं. सून स्वयंपाकघरातून म्हणायची, "त्याला भूक लागली वाटतं," की माझा मुलगा ताट घेऊन बसायचा. फोनवर माझी बहीण विचारायची, "शर्विल काय म्हणतोय?" मी म्हणायची, "बरा आहे," आणि घाईने तिच्या राजापूरच्या आंब्यांच्या विषयावर जायची. पाळण्याजवळ गेलं की ओठापर्यंत आलेलं नाव गिळायचं. बाळ तेव्हा नुकतंच नावाला मान वळवायला लागलं होतं. आता कोणी काही म्हणेना, तर ते नुसतं एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायचं. आणि मनू आमच्याकडे तसंच बघायची. सुधारणा म्हणाल तर काही नाही. उलट तिचं खाणं कमी झालं. सहाव्या दिवशी मी बाईंना म्हटलं, "हे उलटतंय." त्या म्हणाल्या, "दोन दिवस राहिलेत." आवाजावरून मला वाटलं, यांनाही खात्री नाही.

शनिवारी दुपारी मी हॉलमध्ये तांदूळ निवडत होते. बाळ कॉटवर उशांच्या मधे होतं, आणि रडायला लागलं. मी म्हटलं, "आले रे, आले." हात तांदळात, म्हणून उठायला वेळ लागला. तेवढ्यात मनू आतून आली. कॉटपाशी उभी राहिली. दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग वाकून बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाली, "शर्विल."

स्पष्ट. एकही अक्षर न अडखळता.

मनू कॉटपासून निघाली, माझ्यासमोर आली, माझ्याकडे पाठ केली, गुडघ्यांवर हात ठेवून ओणवी झाली आणि डोळे घट्ट मिटले. खांदे आक्रसून उभी.

मला काही कळेना. "काय झालं गं? पाठ खाजतेय?" नाही. "दुखतंय?" नाही. नुसती थांबलेली.

सून ओल्या हाताने बाहेर आली होती. तिने हे पाहिलं आणि दारातच थांबली. "आई," म्हणाली, "बारसं."

आपल्यात बारशाला काय करतात? आत्या वाकून बाळाच्या कानात नाव सांगते आणि बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाधप बुक्के घालतात. हौसेचा मार. माझ्या मुलीलाही घातले, बिल्डिंगमधल्या चांगल्या दणकट बायकांनी. ती "अगं हळू, मेले" करत हसत होती. दोन बुक्के माझे होते. मनू पाळण्याचा खांब धरून अगदी तिथे उभी होती. मी तिला म्हटलं होतं, "बाजूला हो, तुला लागेल." पण ही गंमत आहे, असं तिला कोणी सांगितलं नव्हतं. आपल्याला कोणी सांगितलं होतं का कधी? आणि त्यानंतर पाच महिने जो येईल तो तिला मधे घेऊन म्हणत होता, सांग, नाव सांग.

माझा हात उचलला गेला होता, तिला जवळ घ्यायला. पण त्या पाठीवर तो कसा ठेवू? मी हात तसाच धरून बसले. सुनेला सुचलं. ती मनूच्या शेजारी आली, "शर्विल" म्हणाली, आणि तिच्यासारखीच ओणवी होऊन थांबली. काही झालं नाही. मग मी उठले, गुडघे धरत, आणि मीही नाव घेऊन ओणवी झाले. तिघी एका रांगेत. काही झालं नाही. मनूने एक डोळा उघडून आधी आईकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

रविवारी मामा आला, जेवला, आणि केळ्यांचा घड घेऊन एकटाच परत गेला.

सोमवारी मी धावतच बाईंना सांगायला गेले. वाटलं, पेढे वाटतील. त्यांनी पाटावर बसून सगळं ऐकलं आणि त्यांचं तोंड उतरलं.

"म्हणजे मला वाटलं ते नव्हतंच."

"पण बाई, गुण तर आला."

"भलत्याच दुखण्यावरचं औषध दिलं मी. पोरीला आठ दिवस आणखी घाबरवलं." उठून वाडीत गेल्या. केळीच्या रांगेत शेवटपर्यंत गेल्या, परत आल्या. मी बसलेलीच. त्यांची समजूत घालायची की त्यांना बोल लावायचा, माझं ठरेना.

आल्या त्या मनूला हाक मारून समोर घेऊन बसल्या. "तुला वाटलं, नाव घेतलं की मार बसणार?"

मनूने होकाराची मान हलवली.

"मग का घेतलंस?"

तिकडून कळंबचा धाकटा तिचा फ्रॉक ओढत होता. मनूने त्याचा हात झटकला.

"तो रडत होता," ती म्हणाली, "आणि त्याला कोणी हाकच मारत नव्हतं."

बाई म्हणाल्या, "परत सांग."

मनूने परत सांगितलं.

"पुन्हा एकदा."

"दोनदा सांगितलं ना," मनू बाईंवर खेकसली आणि खेळायला पळाली. आम्ही दोघी म्हाताऱ्या तिथेच बसून राहिलो. मग बाईंनी वही उघडली आणि मनूच्या नावापुढचं 'भांडायला कोणी नाही' खोडून टाकलं.